दुपारच्या चित्रातली बाई

प्रदर्शनाला दहा दिवस उरले होते आणि हेमराजचा सकाळपासूनचा हा तिसरा फोन होता. ज्योत्स्ना बऱ्हाटे शिडीच्या दुसऱ्या पायरीवर उभी होती. एका हातात पाणसळ, फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये दाबलेला, आणि समोरचं चित्र अजून एका बाजूला कललेलं.

"खिडकी डावीकडे होती," हेमराज म्हणाला. नमस्कार-चमत्कार काही नाही. "मधल्या खोलीतून स्वयंपाकघरात शिरलं की डावीकडे. तू उजवीकडे काढली आहेस. लोक बघतील ना आता."

ज्योत्स्नाने डोळे मिटून घेतले. हेमराज तिच्याहून चार वर्षांनी मोठा. रेल्वेच्या बांधकाम खात्यात पस्तीस वर्षं काढून भुसावळलाच निवृत्त झालेला. जगातली कुठलीही गोष्ट फूटपट्टीने तपासता येते अशी त्याची समजूत होती. हे चित्र छापलेलं निमंत्रणपत्र पोहोचल्यापासून त्याने खिडकीचा ध्यास घेतला होता. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये तू चार वर्षांची होईपर्यंतच होतीस, मी आठ वर्षांचा होतो, तेव्हा माझं ऐक, असं त्याचं म्हणणं. ती त्याला म्हणाली की हे चित्र आहे, नकाशा नाही. आणि फोन ठेवून दिला. मग लगेच तिला वाटलं, हे उत्तर आपण उगाच दिलं. कारण तिच्या लेखी ती खिडकी उजवीकडेच होती. तिने ती कल्पनेने काढलेली नव्हती.

नाशिकच्या 'चौकट' कलादालनात तिचं हे पाचवं एकल प्रदर्शन. नाव 'आईचं घर'. वडील इंजिन ड्रायव्हर, दर काही वर्षांनी बदली, त्यामुळे भुसावळ, मनमाड, खंडवा अशा ठिकठिकाणच्या क्वार्टरांतल्या अकरा खोल्या तिने आठवणीतून रंगवल्या होत्या. दहा चित्रांत माणूस नव्हता. लोखंडी खाट, भिंतीला टेकवलेली ट्रंक, नळाखाली ठेवलेली बादली, एवढंच. अकरावं मात्र वेगळं होतं. बारा फूट रुंद, नाव 'दुपार'. एक स्वयंपाकघर, उजवीकडच्या खिडकीतून आलेलं पिवळंधमक ऊन, आणि त्या उन्हात ओट्याशी उभी असलेली एक पाठमोरी बाई. तिच्या पदराचं टोक कमरेला खोचलेलं. वर कोपऱ्यात, भिंतीच्या अंधारात, लाल रंगाचा एक बारीक ठिपका. तो ठिपका का आहे ते ज्योत्स्नाला सांगता येत नसे. पण तो पुसला की चित्र मरतं, एवढं तिला कळत होतं. हे चित्र करताना तिला चौदा महिने लागले होते आणि ते आईला अर्पण केलेलं होतं.

आईने, म्हणजे सिंधूबाईंनी, ते घरी असताना एकदाच पाहिलं होतं. "हे माझं घर नाही," असं म्हणून त्या आत निघून गेल्या होत्या. वय शहाऐंशी. ज्योत्स्नाने ते मनावर घेतलं नाही. आईला हल्ली चहासुद्धा आवडत नसे.

तेवढ्यात कलादालनाचा संचालक निनाद सबनीस आला. हातातली पाटी वाचत तो म्हणाला की सगळं झकास आहे, फक्त स्मृतिपत्रं राहिली आहेत. ज्योत्स्ना शिडीवरून खाली उतरली. हा विषय तिने महिनाभर टाळला होता.

२०३९ सालापर्यंत चित्रांचा नुसता पूर आला होता. कुणीही यंत्राला दोन ओळी सांगाव्या आणि आजीचं घर, शाळेचा वर्ग, गावची नदी, हवं ते तासाभरात रंगवून घ्यावं. चित्र कुणी काढलं हे ओळखणं अवघड झालं, तशी बड्या कलादालनांनी एक वेगळीच प्रथा पाडली. आठवणीवर बेतलेलं चित्र असेल तर ती आठवण चित्रकाराची स्वतःची आहे, असं प्रयोगशाळेतून तपासून आणायचं आणि तो कागद चौकटीशेजारी लावायचा. ज्योत्स्नाला ही प्रथा अपमानाची वाटत होती. चाळीस वर्षं रंगवल्यावर आता आपण खरंच कुठे राहत होतो याचा दाखला आणायचा, असं ती निनादला म्हणाली. निनादने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकराची वेळ ठरवून टाकली.

डॉ. फरीदा तांबोळी पस्तिशीच्या होत्या आणि त्यांना घाई नव्हती, ही ज्योत्स्नाला त्या आठवड्यातली पहिली बरी गोष्ट वाटली. त्यांनी आधी यंत्र समजावून सांगितलं.

मेंदूत, कानाच्या आतल्या अंगाला, समुद्रघोड्यासारखा वळलेला एक लहानसा भाग असतो. त्यात काही पेशींचं काम एवढंच, की आपण कुठे आहोत याची नोंद ठेवायची. खोलीच्या दारात उभं राहिलं की त्यांतल्या काही पेशी जाग्या होतात, खिडकीपाशी गेलं की दुसऱ्या काही. आणखी काही पेशी आपलं तोंड कुठल्या दिशेला आहे ते सांगतात. एखाद्या खोलीत आपण खरोखर वावरलो असलो, तर तिचा असा एक नकाशा आत तयार होतो आणि ती खोली नुसती आठवली तरी तो नकाशा पुन्हा हळूच उजळतो. ऐकलेल्या किंवा फोटोत पाहिलेल्या खोलीचा नकाशा असा उजळत नाही. तिथे नुसती चित्रं उमटतात, पायाखालची जमीन उमटत नाही.

"पण आठवण तर बदलते ना?" ज्योत्स्नाने विचारलं. "मीच एक भिंत तीनदा वेगवेगळ्या रंगाची आठवली आहे."

फरीदा म्हणाल्या की बदलते, दर वेळी. आठवण बाहेर काढली की परत ठेवताना तिला थोडं नवीन चिकटतं. रंग बदलतात, माणसांचे चेहरे बदलतात, कोण काय बोललं ते तर फारच बदलतं. वयाच्या तीन-साडेतीन वर्षांआधीचे प्रसंग बहुतेकांच्या डोक्यातून साफ पुसले जातात. जागेचा नकाशा मात्र चिवट असतो. गोष्ट जाते, पण ती घडली ती खोली राहते.

तांदळाच्या दाण्याएवढ्या काचेच्या कुप्या बसवलेली एक टोपी त्यांनी ज्योत्स्नाच्या डोक्यावर चढवली. त्या कुप्यांत धातूची वाफ होती. पेशी जाग्या झाल्या की डोक्याबाहेर जे अगदी क्षीण चुंबकीय क्षेत्र पसरतं, ते ती वाफ टिपते. मग एकेका चित्राचं नाव घेऊन, डोळे मिटून त्या खोलीतून चालायला त्यांनी सांगितलं. तीन दिवस रोज दोन तास हा प्रकार चालला. टोपीखाली डोकं खाजलं की खाजवायचं नाही. ज्योत्स्ना वैतागून गेली होती.

तिसऱ्या दिवशी निकाल आला. अकराही खोल्या खऱ्या होत्या. 'दुपार'चा नकाशा तर सगळ्यांत दाट. फरीदांनी पडद्यावर तो दाखवला. राखाडी चौकोन, त्यात दाराची फट, ओट्याची लांब कड, आणि ओट्यापासून दोन हातांवर गडद झालेली जागा.

"इथे तुम्ही असायचात," त्या म्हणाल्या. "शेकडो वेळा. डोळ्यांची उंची जमिनीपासून चौऱ्याऐंशी सेंटिमीटर येते, म्हणजे उभ्या असाल तर वय तीनच्या आसपास. आणि उजेड उजवीकडून."

"उजवीकडून? नक्की?"

"नक्की. डावं-उजवं या यंत्रात चुकत नाही."

ज्योत्स्नाने तिथूनच तो अहवाल हेमराजला पाठवला. खाली लिहिलं, आता तरी फोन करू नकोस. त्या दिवशी तिने कित्येक दिवसांनी दुपारी झोप काढली.

हेमराजने फोन केला नाही. तो स्वतःच आला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने निघून दुपारी तो थेट कलादालनात हजर झाला. बगलेत एक गुंडाळी होती. त्याने ती जमिनीवर उलगडली, चार कोपऱ्यांवर रंगाच्या डब्या ठेवल्या आणि ज्योत्स्नाला वाकून बघायला लावलं. त्यांच्या जुन्या क्वार्टरचा तो मूळ आराखडा होता. खात्यातल्या जुन्या सहकाऱ्याकडून मागून आणलेला.

"हे आपलं. दोनशे बारा अ. मधली खोली, हे स्वयंपाकघराचं दार, ही खिडकी. डावीकडे."

ज्योत्स्ना काही बोलायच्या आत त्याचं बोट कागदावरून पलीकडे सरकलं. रेल्वेची ती घरं जोडीने बांधलेली होती. मध्ये एक सामाईक भिंत आणि तिच्या दोन्ही अंगांना तेच घर, आरशात पाहिल्यासारखं उलटं. दोनशे बारा ब. त्या घरात स्वयंपाकघराची खिडकी उजवीकडे होती.

आराखड्याचा फोटो पाठवून फरीदांना फोन लावला. त्यांनी यंत्रातला नकाशा आराखड्यावर बसवून पाहिला आणि अर्ध्या तासाने सांगितलं की दार, ओटा, खिडकी, कोनाडा, सगळं दोनशे बारा ब-शी जुळतं, अ-शी जुळत नाही.

"तिथे कोण राहायचं?" ज्योत्स्नाने विचारलं.

"डाबरे. वसईकडचे. तो गार्ड होता, बायकोचं नाव त्रेझा. चांगली माणसं होती." हेमराज आता आराखड्याकडे बघत नव्हता. तो चित्राकडे बघत होता, वरच्या कोपऱ्याकडे. "त्यांच्याकडे येशूच्या तसबिरीखाली एक लाल दिवा असायचा. चोवीस तास जळायचा. मला त्याची भीती वाटायची."

जिंकल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर कुठे दिसला नाही. उलट तो गडबडलेलाच वाटला. शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात तू शेकडो वेळा कशाला बसशील, असं तो दोनदा म्हणाला. मग थांबून म्हणाला की त्या सुमारास त्याला मामाकडे सावद्याला ठेवलं होतं. वर्षभर, कदाचित जास्तच. का ठेवलं होतं, हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

ज्योत्स्ना घरी आली तेव्हा सिंधूबाई गॅलरीत मेथी निवडत बसल्या होत्या. तिने चपलाही काढल्या नाहीत. त्रेझा डाबरे कोण, असं सरळ विचारलं.

सिंधूबाईंचा हात थांबला नाही. दोन काड्या निवडून झाल्या. मग त्या म्हणाल्या, "तुझं यंत्र नाही सांगत?"

"आई, मला कंटाळा आलाय. तुझा, दादाचा, त्या निनादचा. कुणीतरी एकदा सरळ सांगा."

मग त्यांनी सरळ सांगितलं. ज्योत्स्ना अडीच वर्षांची असताना त्यांना तिसरं मूल झालं. मुलगा. नऊ दिवसांचा होऊन गेला. त्यानंतर त्या खाटेवरून उठल्या नाहीत. रडायच्याही नाहीत. जेवण कुणी तोंडाशी धरलं तर खायच्या, नाही तर नाही. रेल्वेच्या डॉक्टरांना आजार सापडला नाही. सासरच्यांनी बाहेरची बाधा म्हटलं, गल्लीत वेड म्हटलं. नवऱ्याची नोकरी इंजिनावरची, आज इटारसी, उद्या नागपूर. हेमराजला त्यांच्या भावाने सावद्याला नेलं. मुलगी लहान, तिला कुणी नेईना. तेव्हा पलीकडची त्रेझाबाई आली, ज्योत्स्नाला कडेवर घेतलं आणि म्हणाली, बरं वाटेपर्यंत ही माझ्याकडे. तिला स्वतःचं मूल नव्हतं. बरं वाटायला दीड वर्ष लागलं.

"मी उठले, चालायला लागले, तुला आणायला गेले," सिंधूबाई म्हणाल्या. "तू तिला आई म्हणत होतीस. मला काकू म्हणालीस."

ज्योत्स्ना खाली बसली, उंबऱ्यावरच.

"तुझ्या बाबांच्या मागे लागून मी बदली मागून घेतली. मनमाडला. तिने पत्रं पाठवली, मी उत्तर दिलं नाही. एकदा फ्रॉक घेऊन आली होती. तू परसात खेळत होतीस आणि मी तिला सांगितलं, पोर झोपलीये. दारातून परत पाठवली. वसईला वारली ती. मला कळलं तेव्हा महिनासुद्धा होऊन गेला होता." आता मात्र हात थांबले होते. "तू विसरलीस. सहा महिन्यांत नावसुद्धा विसरलीस. मी म्हटलं, सुटले. आणि साठ वर्षांनी तू तिला बारा फुटी करून भिंतीवर लावलीस. वर लिहिलंस, आईचं घर."

ज्योत्स्नाला तिचा राग यायला हवा होता, आणि आलाही. पण तो कुठे ठेवावा ते कळेना. त्या रागाला समोर बसलेली ही वाळकी म्हातारी पुरत नव्हती. तिने मेथीची चाळणी उचलून आत नेली आणि नळ सोडून नुसती उभी राहिली.

पुढचे दोन दिवस तिला आठवतात ते वैतागाचे. आईने सांगितलेलं तिने हेमराजला कळवलं होतं आणि निनादला फरीदांकडून नाही, पण हेमराजच्या मोठ्या आवाजातून सगळं समजलं होतं. निनाद हरखून गेला. यंत्राने शोधून काढलेली दुसरी आई, असा मजकूर त्याने परस्पर लिहून तिला दाखवला. वर्तमानपत्रांना काय सांगायचं तेही ठरवलं होतं. हेमराजचं टोक उलटं. त्याच्या मते चित्र उतरवायचं, कारण आईला वेड लागलं होतं हे आता सगळ्या नातेवाइकांना कळणार आणि त्याच्या मुलीच्या सासरी काय वाटेल. त्यापेक्षा खिडकी डावीकडे करून टाक, एका रात्रीत होईल, असंही त्याने सुचवलं. ज्योत्स्नाने दोघांना एकाच खोलीत उभं करून ऐकवलं की ज्या बाईची ही गोष्ट आहे ती घरी बसली आहे आणि तिला दोघांपैकी कुणीही विचारलेलं नाही. निनादचा मजकूर तिने फाडला. हेमराजला बस पकडून जा म्हटलं. तो गेला नाही, पण गप्प बसला.

घरी जाऊन तिने आईला विचारलं. तू म्हणशील तर चित्र उतरवते, नाव बदलते, काही सांगू नको म्हणशील तर कुणालाच सांगत नाही.

सिंधूबाई म्हणाल्या की आधी मला ते नीट बघू दे.

सकाळी कलादालन उघडायच्या आत ज्योत्स्ना त्यांना घेऊन गेली. त्यांनी खुर्ची नको म्हटली. काठीवर दोन्ही हात ठेवून त्या 'दुपार'समोर उभ्या राहिल्या. ज्योत्स्ना मागे थांबली. तिला वाटलं, रडतील. किंवा मागच्यासारख्या फिरून निघून जातील.

"डाव्या हाताने," सिंधूबाई म्हणाल्या.

"काय?"

"ती डावखुरी होती. पळी उजव्या हातात काढलीस. तिला उजव्या हाताने साधी पोळी उलटता यायची नाही." त्या आणखी जवळ गेल्या. "पदर असाच खोचायची. हे बरोबर आहे. मान पण तिचीच." मग काठीने खाली दाखवलं. "इथे पाट असायचा. तू पाटावर बसायचीस. भिंतीतून मला तुझं हसणं ऐकू यायचं."

ज्योत्स्नाने विचारलं की चित्र ठेवू ना. सिंधूबाई म्हणाल्या, ठेव, पण नाव तिचं घाल. तिचं घर आहे, मला फुकटचं नको. ज्योत्स्नाने तिथल्या तिथे पेन्सिलने पाटीवर लिहिलं, 'त्रेझा डाबरे यांचं स्वयंपाकघर'. आईने ते तिच्याकडून मोठ्याने वाचून घेतलं.

मग त्यांनी उरलेली दहा चित्रं पाहिली. सावकाश, एकेका समोर थांबून. शेवटच्या चित्रापाशी त्या खुर्चीत बसल्या आणि त्यांचा आवाज एकदम चढला.

"दहा खोल्यांत मी नाही. अकराव्या खोलीत बाई आहे, तर ती ही. साठ वर्षं तुला रांधून घातलं, शिकवलं, तुझ्या लग्नाला नको म्हटलं आणि मग तुझंच बरोबर निघालं तेही ऐकून घेतलं. मी कुठाय?"

खोल्या रिकाम्या का ठेवल्या, असं समीक्षक विचारत तेव्हा ज्योत्स्नाची दोन-तीन तयार वाक्यं असत. त्यांतलं एकही आता लागू पडत नव्हतं.

त्या दुपारी ती फरीदांकडे गेली आणि पुन्हा टोपी घालायला बसली. या वेळी दोनशे बारा अ. स्वतःचं घर. फरीदांनी बजावलं की फार थोडं मिळेल. त्या घराचं एकही चित्र तिच्या डोक्यात नव्हतं, तेव्हा हेमराजच्या आराखड्यातली खोली नजरेसमोर आणून त्यातून चालून बघायचं, एवढंच करता येईल. दीड तास ज्योत्स्ना डोळे मिटून एका अनोळखी घरातून चालली.

पडद्यावर जे आलं ते जवळजवळ कोरंच होतं. स्वयंपाकघर उजळलं नाही. अंगण थोडंसं. फक्त आतल्या खोलीच्या दारात, उंबऱ्यावर, एक ठिपका होता. गडद, जवळजवळ काळा.

"इथे तुम्ही खूप वेळा उभ्या राहिला आहात," फरीदा म्हणाल्या. "आणि बराच बराच वेळ. तोंड आतल्या बाजूला. पण उंबऱ्याच्या आत एकही पाऊल नाही."

"त्या खोलीत काय होतं?"

"ते मला नाही सांगता येत. त्यासाठी तिथे असलेलं माणूस हवं."

ज्योत्स्नाने तो कागद घरी आणून आईसमोर ठेवला. सिंधूबाईंना नकाशा कळला नाही. तिने बोट ठेवून सांगितलं, हे दार, ही मी. आणि इथे, आत, काय होतं?

"माझी खाट," सिंधूबाई म्हणाल्या.

खाली रस्त्यावर भंगारवाल्याची गाडी येऊन गेली.

"त्रेझाबाई तुला रोज आणायची, आईला बघ म्हणून. तू दारात उभी राहायचीस. पिवळा फ्रॉक, एक बोट तोंडात. आत यायची नाहीस. मला दिसायचीस. मला ये म्हणायचं असायचं." त्यांनी ओठ हलवून दाखवले, आवाज न काढता. "एवढा शब्द, पण तो वर यायचा नाही. मग ती तुला घेऊन जायची."

उद्घाटनाला दोन दिवस होते. ज्योत्स्नाने दोन फुटांचा एक कागद फळीवर ताणला आणि कोळशाने काढायला बसली. खोली खाटेवरून दिसते तशी काढली. जवळ चादरीची सुरकुती, मग फरशी, मग दूरवर उजेडाने भरलेलं दार आणि दारात तीन वर्षांची मुलगी. खाटेवरचं माणूस चित्रात नव्हतं, कारण त्याच्याच डोळ्यांनी हे सगळं दिसत होतं. सिंधूबाई शेजारी बसून सांगत होत्या. फ्रॉक आखूड कर. दार एवढं रुंद नव्हतं. पायात काही नव्हतं तुझ्या. हे चार वेळा खोडून झाल्यावर ज्योत्स्ना चिडली, कोळसा फेकून उठली, चहा करून आणला आणि पुन्हा बसली. संध्याकाळी सिंधूबाईंनी सांगायचं थांबवलं. त्या नुसत्या बघत राहिल्या, तेव्हा तिने ओळखलं की झालं.

निनादने कपाळाला हात लावला. याला स्मृतिपत्र कुठून आणायचं, तो विचारत होता. ही खोली तुम्ही या बाजूने पाहिलेलीच नाही. ही तर ऐकीव झाली. यंत्र साफ नापास करेल. ज्योत्स्ना म्हणाली की करेलच, ती खोली माझी नाहीच, आईची आहे. आणि तरी ते चित्र लागेल, नाही तर एकही लागणार नाही. फरीदा तिथेच होत्या. त्यांनी निनादला सांगितलं की या यंत्राला एका माणसाचं डोकं तपासता येतं, दोघांच्या मधली जागा तपासायची सोय अजून नाही. बाराव्या चित्राशेजारची स्मृतिपत्राची जागा रिकामी राहिली.

उद्घाटनाच्या सकाळी गर्दी बऱ्यापैकी होती. त्रेझाबाईंच्या स्वयंपाकघरासमोर लोक अर्धवर्तुळ करून उभे राहत. बाराव्या चित्राशी फारसं कुणी थांबत नव्हतं. सिंधूबाईंची खुर्ची तिथेच ठेवली होती, त्यांच्या सांगण्यावरून. हेमराज शेजारी उभा होता आणि कुणी नातेवाईक दिसला की पुढे होऊन त्याला दुसऱ्या बाजूला वळवत होता.

एक तरुण मुलगी आली, सत्तावीस-अठ्ठावीसची. खांद्यावर दोन-तीन महिन्यांचं बाळ. तिचे केस नीट विंचरलेले नव्हते आणि ती बाळाला थोपटत होती, पण थोपटण्यात लक्ष नव्हतं. ती त्या कोळशाच्या चित्रासमोर उभी राहिली ती राहिलीच. मग तिने खुर्चीतल्या म्हातारीला विचारलं, ही मुलगी आत का येत नाही.

हेमराज पुढे झाला. काहीतरी सांगून तिला वाटेला लावण्याच्या बेतात होता. सिंधूबाईंनी काठी आडवी धरून त्याला थांबवलं.

"कारण खाटेवर मी होते," त्या म्हणाल्या. "माझं बाळ गेलं होतं आणि मला बरं नव्हतं. अंगाला काही नव्हतं झालेलं, मनाला झालं होतं. दीड वर्ष मी उठले नाही. माझ्या पोरीला शेजारणीने सांभाळलं. ते तिकडे मोठं चित्र आहे ना, ती शेजारीण."

हे त्यांनी चांगल्या मोठ्या आवाजात सांगितलं. आसपासचे दोघे-तिघे वळले. हेमराजचा चेहरा लाल झाला, मग त्याने मान खाली घातली आणि बाजूला जाऊन आणखी एक खुर्ची उचलून आणली. ती त्याने मुलीसाठी ठेवली. मुलगी बसली. तिने बाळ मांडीवर घेतलं. मग तिने अगदी हळू विचारलं की तुम्ही उठलात कशा.

ज्योत्स्ना चार पावलांवर होती. पलीकडे निनाद समईपाशी पाहुण्यांना घेऊन उभा होता, घड्याळाकडे बोट दाखवत तिला खुणावत होता. तिने त्याला हाताने थांबायला सांगितलं आणि आई काय सांगते ते ऐकायला ती तिथेच, खुर्चीमागे, उभी राहिली.